सल्ला म्हणजे सूट नव्हे

मा. संपादक,


लहान बेटांच्या न्यायालयीन लढ्याला ‘देखावा’ ठरवणारा लेख वाचला. हवामान बदलाबाबतचे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे २३ जुलै २०२५ चे मत सल्लावजा आहे, एवढेच त्यात खरे. पण त्या मताने सांगितलेली कर्तव्ये देशांवर आधीपासूनच बंधनकारक आहेत; काही करारांमुळे, काही रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यामुळे. हवामान करारातून बाहेर पडणाऱ्यालाही रूढ कायद्याच्या कर्तव्यांतून सुटका नाही. न्यायालयाने हे एकमताने सांगितले.

‘मूठभर बेटांचा हट्ट’ हेही चूक. न्यायालयाचे मत मागण्याची कल्पना २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सुचली. वानुआतू या बेट-देशाने ती उचलून धरली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मत मागणारा ठराव मतदानाविना मंजूर केला, तेव्हा १३०हून अधिक देश त्याचे सहप्रस्तावक होते. भारत त्यांत नव्हता, याची मला खंत वाटते.

राहिला भरपाईचा मुद्दा. नुकसान आणि उत्सर्जन यांचा संबंध जोडणे अवघड आहे, अशक्य नाही, असे न्यायालय म्हणते. लेखकाने त्यातले ‘अवघड’ तेवढे उचलले! खनिज इंधनाला परवाने आणि अनुदाने देत राहणे बेकायदा ठरू शकते, हा भाग तर त्यांनी गाळलाच. २०१५ च्या पॅम चक्रीवादळाने वानुआतूचे वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नुकसान केले. अशा देशाने दाद मागायची ती कोठे, हे लेखकाने सांगावे.

आपला,
एक वाचक, अलिबाग