आरटीई प्रवेश: एक फिल्टर आणि गायब होणाऱ्या शाळा

ताईच्या मुलाचा आरटीईचा फॉर्म भरायचा झाला, की फोन आपल्याच हातात येतो. म्हणून आधी ही यंत्रणा समजून घेऊ.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना (अल्पसंख्याक शाळा सोडून) प्रवेशाच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन, निवड लॉटरीनं. नकाशावर घराचं ठिकाण टाकलं की पोर्टल शाळांचं अंतर मोजतं.

9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारनं नियम बदलला: 1 किमीच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. कोडच्या भाषेत हा फक्त एक जादा फिल्टर. पण देवरीसारख्या तालुक्याच्या गावी झेडपीची शाळा हाकेच्या अंतरावर असते. तिथं हा फिल्टर लावला की यादीत खासगी शाळा उरणार किती? फी भरणाऱ्याला मात्र तीच शाळा खुली.

मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला हा बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. मधल्या मध्ये पालकांना अर्ज पुन्हा भरावे लागले.

झेडपीची शाळा वाईट, असं मुळीच नाही. पण ती निवडायची की नाही, हे आईबाबांनी ठरवावं, फिल्टरनं नाही.

आणि हो, फॉर्म भरताना लोकेशनची पिन घरावरच ठेवा. अनुसूचित जमातीच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र तयार हवा.