हिशेबाबाहेरचे उड्डाण

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधील हवाई अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर आहे. तेथे 1967 पासून नियमित विमानसेवा चालते व वेळापत्रकात या प्रवासास दोन मिनिटे दिलेली असतात. जगातील सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून हौशी प्रवासी तिचे कौतुक करतात. परंतु ती हौसेसाठी सुरू झालेली नाही. आठ उतारूंच्या त्या चिमुकल्या 'आयलंडर' विमानातून फिरता शिक्षक किंवा डॉक्टर सकाळी कर्कवॉलहून दूरच्या बेटावर जातो आणि दिवसाचे काम उरकून सायंकाळी घरी परततो.

2011 च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या 90 होती, तर नॉर्थ रोनल्डसेची 72. इतक्या थोड्या माणसांसाठी सार्वजनिक पैशाने विमान उडवावे काय, असा प्रश्न हिशेबी मनास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्याच देशाच्या इतिहासात आहे. सेंट किल्डा या एकाकी बेटावरील उरलेली 36 माणसे 29 ऑगस्ट 1930 रोजी स्वतःच्याच विनंतीवरून कायमची हलविण्यात आली. वैद्यकीय मदतीचा अभाव आणि तुटलेले दळणवळण ही त्यामागील प्रमुख कारणे होती. पुढे तीनच वर्षांनी, मे 1933 मध्ये, आयला बेटावरील एका रुग्णास विमानाने ग्लासगोस नेण्यात आले आणि स्कॉटलंडमधील हवाई रुग्णसेवेचा आरंभ झाला. सेंट किल्डाच्या दृष्टीने मात्र तो फार उशिरा झाला.

अर्थात, विमान आले म्हणजे सारे साधले, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. परतीच्या वेळेकडे डोळा ठेवून येणाऱ्या अधिकाऱ्यास बेटाची कागदपत्रे दिसतात, रात्र दिसत नाही. धुके उतरले की तोही येत नाही. म्हणून मुक्कामी परिचारिकेची वा शिक्षकाची जागा रद्द करण्यासाठी विमानाचे निमित्त होता कामा नये. विमान हे त्यांचे पाठबळ आहे, त्यांचा पर्याय नव्हे.

हा विचार भारतालाही परका नाही. लक्षद्वीपच्या दहा वसलेल्या बेटांवर 2011 मध्ये 64,473 लोक राहत होते. विमानाची धावपट्टी मात्र एकट्या अगत्तीला, तीही 1988 पासून. अन्य बेटांची भिस्त जहाजांवर व हेलिकॉप्टरवर. अशा ठिकाणी दळणवळणाचा विचार पर्यटकांच्या सोयीपासून नव्हे, तर रुग्ण, विद्यार्थी व कर्मचारी यांच्या गरजेपासून सुरू व्हावयास हवा. खेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने नफा मिळवावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. बेटाचा रस्ता आकाशातून जातो, एवढाच काय तो फरक. तेवढ्यासाठी बेटवासीयांना वेगळा न्याय लावता येणार नाही.