रविवारी दहापर्यंत गाडी पवनानगरलाच ठेवा

पवना धरणाच्या दक्षिण काठाने पवनानगरहून तिकोना पेठ, जवण आणि पुढे तुंगकडे रस्ता जातो. महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ, या रस्त्यावर बाहेरगावच्या मोटारी येऊ नयेत, अशी आमची मागणी आहे. शासनाकडे अर्ज नंतरच जाईल. पण आधी विचारायला हवं ते काठावरच्या गावांना, शनिवार-रविवार गाडी काढून इकडे येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना, कॅम्पवाल्यांना आणि आमच्याच सायकलवाल्यांना. म्हणून हे जाहीर आवाहन.

हा रस्ता ज्यांनी सायकलवरून पाहिला आहे त्यांना फार सांगायला नको. उजव्या हाताला पाणी, पाण्यापलीकडे लोहगड आणि विसापूर, डावीकडे तिकोन्याचा त्रिकोण, आणि पुढे सरकावं तसा तुंगचा सुळका वर येत जातो. यातला लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. चढ आहेत, पण दुधिवरे खिंडीसारखा छाती फोडणारा एकही नाही. गिअरची साधी सायकल असलेली पन्नाशीची बाईही ते निवांत पार करते. भाताच्या लावणीच्या दिवसांत खाचरांतून इंद्रायणीची हिरवी रोपं दिसतात, उन्हाळ्यात कडेला करवंदांच्या जाळ्या.

आणि रस्ता अरुंद आहे. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की एकीला चाक खाली उतरवावं लागतं. डांबराची कड आणि खचलेली साइडपट्टी यांत कुठे चार बोटांचा, कुठे वीतभर फरक. मोटारीचं चाक तिथे उतरतं आणि परत चढतं. सायकलचं उतरलं की माणूस आडवा होतो. त्यात मागून हॉर्न, पुढे वळणावर थांबून फोटो काढणारं कुटुंब, आणि छताच्या खिडकीतून अर्धं बाहेर आलेलं एखादं पोर. दुधाच्या किटल्या लावून मोटारसायकलवर निघालेल्या शेतकऱ्याचेही हेच हाल होतात. तो बोलत नाही, कारण त्याला रोजच जायचं असतं.

गावकऱ्यांशी आम्हाला थोडं सविस्तर बोलायचं आहे. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. धरणासाठी जमिनी गेल्या त्या याच खोऱ्यातल्या, आणि अर्धं शतक उलटून गेलं तरी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मिटलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी शहराकडे नेण्यासाठीच्या बंद जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि मावळातले तीन जीव गेले. शहराला आणखी काहीतरी हवं आहे, हे वाक्य इथे कोणत्या कानांनी ऐकलं जातं याची आम्हाला जाणीव आहे. पाणी नेलं, जमिनी घेतल्या, काठ कुंपणांनी अडवला, आता रस्ताही मागायला आले, असं म्हणून कुणाच्या कपाळाला आठी पडली तर ती योग्यच आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: गावाची एकही गाडी थांबणार नाही. दूध, भाजी, गवत, एसटी, शाळेची गाडी, दवाखान्याला निघालेली जीप, लग्नाचं वऱ्हाड, दहाव्याला आलेले पाहुणे, सगळे नेहमीसारखे जातील. थांबायची ती फक्त सहलीची बाहेरची मोटार, तीही चार तास. आणि गावाचा होकार नसेल तर आमचा अर्ज पुढे जाणार नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, विरोधात बोलणाऱ्यांनी तर अवश्य यावं. कोणाची गाडी गावाची आणि कोणाची बाहेरची हे नाक्यावर उभा असलेला गावचा पोरगाच सांगू शकेल. शहरातून आलेल्या स्वयंसेवकाचं ते काम नव्हे. त्या पोराला त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे, आणि ती सायकलवाल्यांनी वर्गणी काढून द्यावी.

हे सगळं परदेशात चालतं, आपल्याकडे नाही, असं म्हणणारे भेटतीलच. स्वित्झर्लंडमध्ये २००० साली मुर्टन सरोवराभोवतीचा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता एका रविवारी मोटारींना बंद करून ‘स्लोअप’ सुरू झालं. आज ते तिथल्या अनेक सरोवरांच्या काठी होतं. भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, शर्यत नसते, घड्याळ कोणी लावत नाही, आणि वाटेतली गावं खाण्यापिण्याचे ठेले मांडतात. पण स्वित्झर्लंडपर्यंत कशाला जा! माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून आपण पिढ्यान्‌पिढ्या पायी चाललो आहोत, आणि त्यामुळे माथेरानला जाणारे काही कमी झाले नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरसाठी याच जिल्ह्यातले रस्ते गुळगुळीत झाले, मुळशी-मावळातली वाहतूक शर्यतीपुरती थांबवली गेली आणि जगभरचे सायकलपटू त्यावरून सुसाट गेले. लोकांनी दुतर्फा उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या शाळकरी पोरांना त्याच तालुक्यातल्या रस्त्यावर निर्धास्तपणे सायकल चालवता यावी, एवढंच आता मागतो आहोत.

कायद्याची अडचण नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी ठरावीक रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते, आणि मनाई महिन्याभरापेक्षा जास्त काळ नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही गरज नसते. स्थानिक पातळीवर नीट प्रसिद्धी द्यावी लागते. अधिकाऱ्यांकडून हवं आहे ते एवढंच, की फाईल फिरत राहू नये. रेल्वेकडेही एक मागणं आहे: त्या रविवारी पहाटेच्या पुणे-लोणावळा लोकलच्या एका डब्यात सायकलींना जागा द्या. कामशेतला उतरून बेडशाच्या बाजूने सायकलवर येणं, ही या प्रवासाची खरी सुरुवात व्हावी. गाडीच्या टपावर सायकल बांधून पवनानगरपर्यंत यायचं आणि मग मोटारींच्या नावाने बोटं मोडायची, हा प्रकार आम्हाला स्वतःलाच ओशाळवाणा वाटतो.

कॅम्पवाल्यांची धास्ती आम्ही ऐकली आहे. शनिवारी मुक्कामाला आलेलं गिऱ्हाईक रात्री उशिरापर्यंत शेकोटीभोवती बसतं, सकाळी पोहे-चहा करून सावकाश आवरतं आणि निघेपर्यंत दहा-अकरा वाजतात. सहा ते दहा ही वेळ त्यावरूनच धरली आहे. कुणाला लवकर निघायचंच असेल तर त्याला जाऊ द्यावं, फक्त बैलगाडीच्या वेगाने.

मोटारीने येणाऱ्यांनो, तुम्ही येऊच नका असं कोणी म्हणत नाही. पहिल्या पावसात पवनेला यावंसं वाटणं समजतं. पण त्या एका रविवारी गाडी पवनानगरला लावा. तिकोना चढायचा असेल तर पेठेपर्यंत गावातली जीप किंवा रिक्षा करा. तेवढे पैसे गावात राहतील. मुलांच्या जुन्या सायकली घरी गंजत पडल्या असतील तर हवा भरून आणा. सायकलच नसेल तर चाला. गाडीच्या काचेतून न ऐकू येणारे पक्षी चालताना ऐकू येतात.

आणि आता आपल्याच लोकांना. चार-चार जणांनी रस्ता अडवून गप्पा मारत जाऊ नका, दोघांच्या वर शेजारी नको. गुरं आडवी आली की उतरा. म्हैस घंटीला जुमानत नाही, उगाच वाजवू नका. सायकलला स्पीकर लावून गाणी ऐकवण्याची हौस हिंजवडीत भागवा. जेलची पाकिटं आणि केळ्याची सालं खिशात घालून परत न्या. उतारावर वेगाचा उच्चांक मोडायला हा रस्ता नाही, कारण वळणावर भारा डोक्यावर घेतलेली आजी असू शकते आणि तिने बाजूला होण्याची अपेक्षा ठेवायची नाही. घरून डबा आणू नका. पेठेत, जवणला पिठलं-भाकरी मिळेल तिथे खा, सांगतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका. पंधरा-वीस जणांनी जाणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे भाकऱ्या थापणाऱ्या बाईची ऐनवेळी धांदल उडणार नाही.

ग्रामसभांचा होकार आला तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारपासून सुरुवात करू, आणि मार्चपर्यंत सहा रविवार झाले की पुन्हा ग्रामसभेसमोर हिशेब घेऊन येऊ: किती लोक आले, गावात किती पैसा राहिला, कुणाची अडवणूक झाली, कचरा कोणी उचलला. गावाने पुरे म्हटलं तर तिथेच थांबवू. नाक्यावर उभं राहायची, चहा-भाकरीची सोय करायची किंवा सायकलचं पंक्चर काढून द्यायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीत १५ ऑगस्टपूर्वी नाव लिहून द्यावं. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही कारणासह तिथेच लिहून द्यावं.

पवना खोऱ्यातील काही रहिवासी आणि सायकलस्वार