गोष्ट एकीची, चेहरा दुसरीचा

मैत्रिणींनो, लेकीसाठी पुस्तक घेताना आपण आधी मुखपृष्ठच पाहतो ना? म्हणून अमेरिकेतली ही २००९ची हकीकत सांगते.

जस्टीन लार्बालेस्टियर या ऑस्ट्रेलियन लेखिकेची 'लायर' ही किशोरवयीनांसाठीची कादंबरी. नायिका मायका कृष्णवर्णीय, केस आखूड. ब्लूम्सबरीने अमेरिकी मुखपृष्ठावर मात्र लांब, सरळ केसांची गोरी मुलगी लावली! मायका सराईत खोटारडी आणि गोष्ट सांगणारीही तीच. त्यामुळे वाचणाऱ्यांना वाटू लागलं, आपण काळ्या आहोत हेसुद्धा ती खोटंच सांगतेय. एका चित्राने सगळ्या कथेवर पाणी फिरवलं. लेखिकेने उघडपणे नाराजी सांगितली, वाचक चिडले आणि पुस्तक बाजारात येण्याआधी मुखपृष्ठ बदललं. तरी २०१०च्या जानेवारीत त्याच प्रकाशनाच्या 'मॅजिक अंडर ग्लास'वरून तोच वाद. नायिका सावळी, चित्रातली गोरी. तेही बदलावं लागलं.

काळा चेहरा खपत नाही म्हणे. मला हे मुळीच पटत नाही. अशा पुस्तकांची जाहिरात करायची नाही, ती कोपऱ्यातल्या वेगळ्या कपाटात ठेवायची आणि वर खप नाही म्हणायचं! सुनेला डाळ न देता वरण कुठाय विचारण्यातला प्रकार. (स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी' छापणाऱ्या आपणही फार हसू नये.)

बदललेल्या मुखपृष्ठावर कुरळ्या केसांची कृष्णवर्णीय मुलगी आली. लेखिकेला मुळात चेहराच नको होता. ऑस्ट्रेलियात नुसत्या अक्षरांचं मुखपृष्ठ निघालं, मला तेच जास्त आवडलं.