दुसरा पाइप आत्ताच मागा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. विकासकाशी घासाघीस होते ती कार्पेट, कॉर्पस आणि भाड्यावर. सांडपाण्याचा विषय काढला की लोक घड्याळ बघतात. तरीही काही मुद्दे.

१. आपलं मलजल जातं कुठे? मुंबईत मलनिःसारणाचे सात विभाग आहेत. विक्रोळीच्या एका बाजूला भांडुप, दुसऱ्या बाजूला घाटकोपर. दोन्हीकडे वर्षानुवर्षं मोठ्या तलावांत हवा घुसळून ते पाणी ठाण्याच्या खाडीत सोडलं गेलं. हीच खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे.

२. 'पालिका मोठी केंद्रं बांधतेच आहे ना?' बांधते आहे. जानेवारी २०२३ मध्ये सात केंद्रांचं भूमिपूजन झालं. भांडुपची क्षमता दिवसाला २१.५ कोटी लिटर, घाटकोपरची ३३.७ कोटी. ती हवीतच. पण तिथलं शुद्ध पाणी आपल्या फ्लशपर्यंत परत आणायला शहरभर वेगळी जलवाहिनी लागेल. तिची वाट बघत आपली इमारत थांबणार नाही.

३. राष्ट्रीय इमारत संहिता माणशी रोज १३५ लिटर पाणी धरते, त्यातलं ४५ लिटर फ्लशसाठी. दोनशे घरं, घरटी चार माणसं: रोज ३६,००० लिटर. शहापूरहून आणलेलं, गाळून, क्लोरीन घालून पिण्याजोगं केलेलं पाणी आपण संडासात ओततो आणि मे महिन्यात टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करतो. त्याऐवजी इमारतीतच सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र, म्हणजे एसटीपी, बसवून तेच पाणी फ्लशला वापरता येतं.

४. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यासोबत एसटीपीची अट येते. एकेकटी इमारत या आकड्याखाली सहज राहू शकते. अशा दहा इमारती मिळून प्रकल्प मोठाच होतो, पण कागदावर दहा छोटे. म्हणून शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी मिळून एकच केंद्र मागावं. जागा, ऑपरेटर आणि वीजबिल, तिन्ही वाटून घेता येतील.

५. एसटीपी बसवला म्हणजे तो चालतो असं नाही, आणि खरी मेख इथेच आहे. घाण खाणाऱ्या जिवाणूंना अखंड हवा लागते. ती ब्लोअर पुरवतो. बिल वाचवायला कोणीतरी रात्री ब्लोअर बंद करतो. जिवाणू गुदमरतात, पाणी काळं पडतं, पहिल्या मजल्यावरून वासाची तक्रार येते. मग कमिटी वैतागून सगळंच बंद करते आणि बायपासचा व्हॉल्व्ह उघडून मैला थेट गटारात सोडते. वास एसटीपीचा नसतो, बंद एसटीपीचा असतो. म्हणून पहिल्या पाच वर्षांची देखभाल विकासकाच्या करारातच घाला आणि दरमहा प्रयोगशाळेचा अहवाल लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावा.

६. टाकी तुंबली तरी तिच्यात माणूस उतरवायचा नाही. 'पाच मिनिटांचं काम आहे, उतर रे' या वाक्यानं माणसं मेली आहेत. हातानं मैला सफाई करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. सफाई यंत्रानंच होईल, हे कंत्राटात लिहून घ्या.

७. विक्रोळीतल्याच टेकडीवरच्या सूर्यानगर वस्तीला यातलं फारसं लागू नाही. जुलै २०२१ मध्ये तिथे दरड कोसळून माणसं गेली. तिथे आधी बंदिस्त गटारं हवीत, उतारात पाणी मुरवणारे शोषखड्डे नकोत.

८. राहिला शुद्ध केलेलं पाणी फ्लशपर्यंत नेणारा दुसरा पाइप. फ्लशसाठी वेगळी नळजोडणी आणि गच्चीवर वेगळी टाकी बांधकामातच करून घेतली तर खर्च किरकोळ. नंतर करायची म्हणजे प्रत्येक घरातल्या टाइल्स फोडायच्या. त्याला कुठलीही सभा मंजुरी देणार नाही. केंद्र उशिरा उभं राहिलं तरी तोवर त्या पाइपातून बोअरचं पाणी फिरवता येईल. तेव्हा विकासकाचा नकाशा पालिकेत जाण्याआधीच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव घ्या, आणि करारनाम्याच्या जोडपत्रात या पाइपाला स्वतंत्र कलम द्या.