एका सहीची किंमत



कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये, हे घरातली वडीलधारी माणसे आपल्याला नेहमी सांगतात. पण लिहिलेल्या खोट्या कागदावर सही मागितली तर? अशी सही नाकारणाऱ्या एका माणसाची ही हकिकत.

जून १९४०. हिटलरचे सैन्य फ्रान्समधील शार्त्र शहरात शिरले. जाँ मूलां हे तेथील प्रिफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे अधिकारी. १७ जूनला जर्मन अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. फ्रेंच फौजेतील सेनेगाली काळ्या सैनिकांनी बायामुलांवर अत्याचार करून त्यांना ठार मारले, असे त्यात लिहिले होते. खरे तर ते लोक बॉम्बहल्ल्यात मेले होते. मूलां यांनी सही नाकारली. त्यांना बेदम मारहाण झाली. पुन्हा मार पडला तर आपण सही करून बसू, या भीतीने त्यांनी रात्री काचेने स्वतःचा गळा कापून घेतला. ते वाचले. सही मात्र झाली नाही.

पुढे त्यांनी फ्रान्समधील विखुरलेल्या गुप्त संघटनांना एकत्र आणले. २१ जून १९४३ रोजी लिओं शहराजवळ ते पकडले गेले. तेथील गेस्टापोचा, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचा प्रमुख होता क्लाउस बार्बी. त्याने त्यांचे अतोनात हाल केले. जर्मनीला नेताना जुलैमध्ये मूलां यांचा अंत झाला. साथीदारांची नावे त्यांनी सांगितली नाहीत.

याच बार्बीच्या हुकमाने एप्रिल १९४४ मध्ये इझियू गावातून ४४ ज्यू मुले धरून नेण्यात आली. त्यांतले एकही परतले नाही.

युद्धानंतर अमेरिकी हेरखात्याने बार्बीला कामावर ठेवले आणि १९५१ मध्ये बोलिव्हियाला पळून जायला मदत केली. तेथे तो नाव बदलून राहिला. क्लार्सफेल्ड पती-पत्नीने त्याला हुडकून काढले. १९८३ मध्ये त्याला फ्रान्सला आणले. वृद्ध झालेल्या स्त्री-पुरुषांनी कोर्टात उभे राहून साक्षी दिल्या. ४ जुलै १९८७ रोजी त्याला जन्मठेप झाली आणि १९९१ मध्ये तो कैदेतच मेला.

ते काळे सैनिक मूलां यांचे ना नातलग होते, ना गाववाले. तरी त्यांच्यावरचा खोटा आळ त्यांनी आपल्या सहीने खरा ठरू दिला नाही.

आपल्या वस्तीतही कधी पंचनाम्यावर पंच म्हणून सही मागितली जाते. डोळ्यांनी पाहिले असेल तर जरूर करा. पाहिले नसेल तर हात आवरा. त्या कागदावर कुणाचे तरी आयुष्य असते.