वाचकाचा अभिप्राय हेही इतिहासाचे साधन : ताराबाई शिंदे यांचे उदाहरण

१/८
‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला समाजमाध्यमांवर बहुधा मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि ‘अप्रतिम, अवश्य वाचा’ एवढेच उत्तर मिळते. त्यात गैर काही नाही. परंतु वाचकाला काय पटले, काय खटकले आणि का, याचा पत्ता त्यातून लागत नाही. एका संतप्त वाचक स्त्रीने हा पत्ता मागे ठेवला, म्हणून १८८२ सालचा एक मोठा वाद आज अभ्यासता येतो.

२/८
१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांत स्त्रियांच्या नीतीवर झोड उठली. ‘पुणे वैभव’ त्यात आघाडीवर होते. हा मजकूर बुलढाण्यात ताराबाई शिंदे वाचत होत्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंचे शिक्षण घरीच झालेले.

३/८
त्यांचे उत्तर म्हणजे ‘स्त्रीपुरुषतुलना’. १८८२ साली पुण्यात छापलेल्या या छोट्या पुस्तकाकडे स्त्रीवादाचा आद्य ग्रंथ म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र ते वाचनाची नोंदही आहे, ही बाजू दुर्लक्षित राहते. ताराबाईंनी पुराणकथा, वृत्तपत्रे, कादंबऱ्या, नाटके या सर्वांची एकाच न्यायाने उलटतपासणी केली.

४/८
‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी लोकप्रिय असलेल्या कादंबऱ्याही त्यांच्या टीकेतून सुटल्या नाहीत. सावित्रीने यमाकडून पतीचे प्राण परत आणले. पण पत्नीसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा पती कोणी ऐकला आहे काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने ऐकलेली कथा एका वाचक स्त्रीने उलट्या बाजूने वाचली.

५/८
पुस्तकावर टीका झाली. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. या नोंदीचे मोल मोठे आहे. एका वाचकाने दिलेले उत्तर टिकले, म्हणून पुस्तकाभोवती झालेल्या वादाची खूणही टिकली.

६/८
त्यानंतर मात्र दीर्घ शांतता. ताराबाईंचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशात आणले. मधली ९३ वर्षे बहुसंख्य मराठी वाचकांच्या लेखी हे पुस्तक जणू नव्हतेच. ग्रंथ केवळ छापला गेल्याने जगत नाही. त्याच्याविषयी बोलणारे, भांडणारे वाचक लागतात. ते नसले की ग्रंथ कपाटात असूनही हरवतो.

७/८
प्रत्येक वाचकाने ताराबाईंसारखे पुस्तकच लिहावे, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. रोजच्या धावपळीत चार ओळी लिहिणेही अनेकांना जमत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण चार ओळीच लिहायच्या, तर त्यांत एक ठोस गोष्ट असावी : कोणत्या प्रकरणाने मत बदलले, लेखकाचा कोणता पुरावा अपुरा वाटला, कोणाचा आवाज पुस्तकात आलाच नाही. इतिहासप्रेमींना तर ही सवय अधिक शोभते, कारण साधनांची चिकित्सा हाच त्यांच्या छंदाचा पाया आहे.

८/८
उद्याचा अभ्यासक आजच्या नोंदी चाळील, तेव्हा ‘अप्रतिम’ या शब्दातून त्याच्या हाती फारसे लागणार नाही. ‘हे मला पटले नाही, कारण…’ अशा वाक्यातून मात्र एक काळ बोलू लागेल. आणि असे वाक्य कोणी लिहिलेच, तर त्याला उत्तर देण्याचे कष्टही कोणीतरी घ्यावेत. ताराबाईंना ‘सत्सार’मधून एक उत्तर मिळाले, पुढच्या पिढ्यांनी मात्र त्यांना ९३ वर्षे थांबवले.